हलका स्पिनिंग रॉड आणि रील : बेळगाव-खानापूर-निपाणी भागात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दसरा झाला, नद्यांचं लाल पाणी निवळायला लागलं, बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) पडले की हे प्रश्न सुरू होतात. विचारणाऱ्यांपैकी बरेच जण लहानपणापासून बांबूची काठी, तंगूस (नायलॉनची दोरी) आणि गांडूळ यांवर मासे धरत आलेले असतात. ल्यूरचं, म्हणजे नकली आमिषाचं, वेड मोबाईलवरच्या व्हिडिओंनी लावलेलं असतं. खालची उत्तरं बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणी, अथणी या पट्ट्यातलं पाणी डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. कारवारकडच्यांसाठी शेवटी थोडं वेगळं लिहिलंय.

आधी रॉड ठरवायचा की रील?

रॉड. आणि रॉडच्याही आधी ल्यूर.

गांडुळाच्या गळाला शिशाचं वजन लावून आपण कुठल्याही काठीनं दोरी लांब फेकू शकतो. ल्यूरचं तसं नाही. तीन-चार ग्रॅमचा स्पिनर (फिरत्या पात्याचा ल्यूर) लांब जायचा असेल तर मागं नेताना रॉडचं टोक त्या वजनानं वाकलं पाहिजे आणि सुटताना सरळ झालं पाहिजे. जाड रॉडला तेवढं वजन जाणवतच नाही. मग माणूस हातानं जोर लावतो, दंड दुखतो आणि ल्यूर समोर दहा-बारा फुटांवर पडतो. उलट, हलक्या रॉडला तीस ग्रॅमचा चमचा (चमच्याच्या आकाराचा पत्र्याचा ल्यूर) बांधून झटका दिला तर टोक मोडलंच म्हणून समजा.

म्हणून रॉड हातात घेतला की रंग, नाव, कंपनी नंतर बघा. हँडलच्या वरच्या अंगाला बारीक अक्षरांत ‘३-१० ग्रॅम’, ‘५-१५ ग्रॅम’ असं छापलेलं असतं, ते आधी वाचा. या दोन आकड्यांच्या मधलं वजन त्या रॉडला सगळ्यात चांगलं जमतं. आकडाच नसेल तर तो रॉड ल्यूरसाठी घेऊ नका, दुकानदार काहीही सांगू दे.

रीलची चिंता त्यामानाने कमी. एक बरी रील तीन वेगवेगळ्या रॉडवर चालते.

आपल्याकडं ल्यूरला कोणते मासे लागतात?

मरळ सगळ्यात आधी. तळी, खाणीतलं साठलेलं पाणी, बंधाऱ्यामागचं संथ पाणी, जिथं काठाला गवत आणि केंदाळ आहे तिथं मरळ असते. ती हवा घ्यायला वर येते, म्हणून दिसते तरी. दुसरी चिलापी. तिला दोन-तीन ग्रॅमचा स्पिनर किंवा बारीक जिग (डोक्याला शिसं असलेला गळ) तोंडासमोरून नेला की खायला नाही तर हाकलायला म्हणून ती येते. संध्याकाळी तळाला ल्यूर सावकाश ओढला तर शिंगाळाही लागतो. घाटाकडच्या वाहत्या पाण्यात महाशीर आहे, पण त्याबद्दल खाली परवानगीच्या प्रश्नात वाचा.

कटला, रोहू, मृगळ यांच्यासाठी ल्यूरचा खर्च करू नका. त्यांना पिठाचा गोळाच बरा.

म्हणजे हलक्या सामानात आपलं काम साधारण ३ ते १२ ग्रॅमच्या ल्यूरवर चालतं. पुढची सगळी उत्तरं या आकड्यावर उभी आहेत.

मग नेमका कोणता रॉड?

एकच घ्यायचा असेल तर साडेसहा ते सात फूट, मीडियम लाईट, ५-१५ ग्रॅमच्या आसपासचा, दोन तुकड्यांचा स्पिनिंग रॉड. हिडकल धरणाच्या मोकळ्या काठावर सात फुटी बरा, कारण तिथं अंतर लागतं आणि मागं अडचण नसते. खानापूरकडच्या ओढ्यांवर दोन्ही काठांची झाडं डोक्यावर आलेली असतात, तिथं सहा फुटीसुद्धा लांब वाटतो. कृष्णा आणि दूधगंगेच्या काठाला पाठीशी ऊस असतो. रॉड मागं नेला की ल्यूर पानात अडकतो आणि पात्यांनी हात चिरतात ते वेगळंच. अशा जागी बाजूनं, मनगटाच्या झोक्यानं फेकायला शिकावं लागतं आणि त्याला साडेसहा फूट पुरे.

अल्ट्रालाईट, म्हणजे १-५ किंवा १-७ ग्रॅमचा रॉड, चिलापीसाठी फार मजेचा. तळहाताएवढी चिलापीसुद्धा रॉड पाऽर वाकवते. पण तो दुसरा रॉड म्हणून घ्या. त्याच्यावर दोन किलोची मरळ लागली आणि गवतात घुसली तर तिला बाहेर काढायला त्या रॉडमध्ये जोरच नसतो.

‘एल’, ‘एमएल’, ‘एम’ (लाईट, मीडियम लाईट, मीडियम) या अक्षरांवर फार विसंबू नका. एका कंपनीचा लाईट तो दुसरीचा मीडियम लाईट असू शकतो. ग्रॅमचा आकडा बघा.

‘फास्ट ॲक्शन’ म्हणजे रॉड लवकर ओढतो का?

नाही, ओढण्याशी त्याचा संबंध नाही. रॉड कुठून वाकतो ते त्यावरून कळतं. फास्ट म्हणजे वरचा शेंडाच वाकतो, मॉडरेट म्हणजे निम्म्यापर्यंत वाकतो, स्लो म्हणजे पार मुठीपर्यंत. जिग आणि मऊ रबरी ल्यूर यांना फास्ट चांगला, तळाला दगड लागला की चिखल ते हाताला कळतं. स्पिनर आणि बारीक क्रँकबेट (माशाच्या आकाराचा पोहणारा ल्यूर) यांना जरा मऊ रॉड चालतो, मासा सुटण्याचं प्रमाण कमी होतं. एकाच रॉडवर सगळं करायचं असेल तर मॉडरेट फास्ट घ्या.

कार्बन की फायबर ग्लास?

ल्यूरसाठी कार्बन. हलका असतो, दिवसभर फेकून मनगट भरून येत नाही आणि माशानं नुसतं टोचलं तरी समजतं. ग्लासचा रॉड जड पण चिवट. मोटरसायकलवरून पडला, पोरांनी पायाखाली घेतला तरी बहुधा वाचतो. दोन्ही मिसळलेले रॉड मिळतात आणि सुरुवातीला तेही वाईट नाहीत.

कार्बनबद्दल एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. कार्बनमधून वीज वाहते. आपल्याकडं नदीकाठाला उपसा सिंचनाच्या मोटारी आहेत, त्यांच्या तारा काठावरूनच जातात, कुठं कुठं चांगल्या खाली लोंबतात. सात फुटी रॉड वर करून फेकताना हात धरून एकूण उंची बारा-तेरा फुटांवर जाते. फेकायच्या आधी वर बघायची सवय लावून घ्या. एप्रिल-मे मध्ये वळवाचे ढग गडगडायला लागले की रॉड आडवा ठेवून काठ सोडा. मासे कुठं पळून जात नाहीत.

दुकानात रॉड कसा तपासायचा?

दोन तुकडे जोडा, सैल फिरतात का बघा. मग एका डोळ्यानं बुडाकडून शेंड्याकडं नेम धरल्यासारखं पाहा, सगळ्या रिंगा एका ओळीत दिसल्या पाहिजेत. शेंडा छताला टेकवून वाकवून बघायची लोकांना खोड असते, ती नको. कार्बन तसा तपासायचा नसतो. दुसऱ्या कोणाला दोरीचं टोक धरायला सांगा आणि रॉड हळू उचला.

रिंगांच्या आत जो गुळगुळीत चिनी मातीसारखा कडा असतो, तो सगळ्यात महत्त्वाचा. कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक रिंगेच्या आतून फिरवा. कापसाचा तंतू कुठं अडकला तर तिथं चीर आहे आणि तीच चीर दोन आठवड्यांत ब्रेडेड लाईनचं (बारीक धागे विणून केलेल्या दोरीचं) पीस करते. टोकाची रिंग विशेष बघा, कारण तिला जास्त धक्के बसतात. स्वस्त रॉडमध्ये नुसत्या पत्र्याच्या रिंगा असतात. ब्रेडेड दोरी त्या पत्र्यात कालांतरानं खाच पाडते. ॲल्युमिनियम ऑक्साईडच्या रिंगा असल्या तरी आपलं काम भागतं, सिलिकॉन कार्बाईडच्या असल्या तर उत्तमच.

रील १०००, २०००, २५०० यांतली कोणती?

२५००. चिलापीच्या अल्ट्रालाईटसाठी १००० किंवा २०००. बास.

रीलच्या आकाराचे हे आकडे सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात, एवढं मात्र ध्यानात असू द्या. शिमानोमध्ये आकड्यापुढं ‘सी’ असेल, उदाहरणार्थ सी३०००, तर स्पूल (दोरी गुंडाळायची फिरकी) ३००० चं आणि बॉडी २५०० ची. मागं ‘एस’ असेल तर स्पूल उथळ, म्हणजे बारीक दोरीसाठी. ‘एचजी’ म्हणजे वेगानं ओढणारी. दायवाच्या नव्या ‘एलटी’ मालिकेत २५०० ची रील त्यांच्याच जुन्या २५०० पेक्षा लहान आहे, म्हणून जुनी बघून नवी मागवणाऱ्यांना पार्सल उघडल्यावर चुकीचा माल आला असं वाटतं.

वजन २०० ते २५० ग्रॅमच्या आसपास असलं की हलक्या रॉडला तोल येतो. रील लावून रॉड हँडलच्या पुढच्या बाजूला एका बोटावर ठेवा. शेंडा एकदम खाली गेला तर दुपारपर्यंत मनगट बोलायला लागेल.

बेअरिंग जितकी जास्त तितकी रील चांगली ना?

हा प्रश्न नेहमीचा आहे आणि जाहिरातींनी केलेला घोटाळा आहे. डब्यावर १३+१ लिहिलेली रील ३+१ वाल्या रीलपुढं खडखडत फिरताना बघायला मिळते. बेअरिंग कशी आहेत आणि गिअर किती नेमके कापलेत यावर सगळं आहे.

रील हातात घेऊन हँडल सावकाश फिरवा. अगदी सावकाश, कारण जोरात फिरवल्यावर सगळ्याच रील गुळगुळीत वाटतात. कुठं खरखर, अडखळ लागते का बघा. मग हँडल उलट दिशेला ढकला. ते जागच्या जागी थांबलं पाहिजे, मागं हललं तर मासा लागताना झटका बसतो. हँडल वर-खाली हलवून ढिलेपणा तपासा. शेवटी बेल (स्पूलवरची तारेची कमान) उघडून बंद करा आणि दोरी ज्या बारीक चाकावरून वळते ते लाईन रोलर नखानं फिरवून बघा. तो फिरत नसेल तर दोरीला पीळ पडायची सोय झालीच.

ड्रॅग किती किलोचा हवा?

ड्रॅग म्हणजे मासा जोरात ओढायला लागला की दोरी सोडणारा रीलचा ब्रेक. डब्यावरचा ‘९ किलो’ बघून भुलू नका. हलक्या सामानाची दोरी मुळात सहा-सात किलोला तुटते आणि ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवायचा असतो. म्हणजे दीड-दोन किलो. तीन-चार किलोचा ड्रॅग असलेली रीलसुद्धा पुरून उरते. बघायचं एवढंच की तो अडखळत सुटतो की एकसारखा.

घरी मोजायचं असेल तर सोपं आहे. रॉड न लावता नुसती रील हातात धरा, दोरीला दीड लिटरची भरलेली पाण्याची बाटली बांधा आणि उचला. बाटली हवेत लटकून दोरी सावकाश सुटत राहिली की ड्रॅग दीड किलोच्या जवळपास लागला. बाटली धक्क्याधक्क्यानं खाली गेली तर ती रील परत करा. ही चाचणी गादीवर करा, फरशीवर नको.

गिअर रेशो?

५:१ च्या आसपासची २५०० रील हँडलच्या एका फेऱ्यात साधारण ७०-७५ सेंटीमीटर दोरी ओढते. ६:१ ची ९० च्या आसपास. स्पिनर, क्रँकबेट सावकाश ओढायचे तर पहिली. जिग आणि पृष्ठभागावरचे ल्यूर यांना दुसरी, कारण सैल पडलेली दोरी पटकन गोळा करावी लागते. निवड जड जात असेल तर पहिली घ्या. नवशिक्यांना हळू ओढणं हीच मोठी अडचण असते.

दोरी कोणती? तंगूस चालेल का?

०.२० ते ०.२५ मिलिमीटरचा तंगूस चालेल की. स्वस्त मिळतो, गाठ बांधायला सोपा आणि थोडा ताणला जातो म्हणून चुका पोटात घालतो. त्याला पीळ बसतो आणि स्पूलवर महिनाभर राहिला की गुंडाळ्या आठवणीत ठेवतो, एवढाच दोष.

ब्रेडेड लाईन घेतली तर पीई ०.८ किंवा पीई १ घ्या (पीई हे दोरीच्या जाडीचं माप). पीई १ ची जाडी ०.१६५ मिलिमीटरच्या आसपास धरतात, म्हणजे तंगूसापेक्षा बरीच बारीक आणि तरी जास्त ताकदीची. ती ताणली जात नाही, त्यामुळं लांबवरचं टोचणं हाताला कळतं. पण दगडावर घासली की गेली. आपल्या नद्यांत काळा कातळ भरपूर, घटप्रभेकडं तर सगळा खडक. म्हणून पुढं हातभर ते दोन हात फ्लुरोकार्बनचा लीडर (दोरी आणि ल्यूर यांच्या मधला तुकडा) बांधाच, पाच-सहा किलो ताकदीचा. गाठ डबल युनी शिका. एफजी गाठ बारीक आणि सुरेख असते, ती पावसाळ्यात घरी बसून घोटावी.

नवी दोरी भरली आणि पहिल्याच फेकीत गुंता झाला. रील खराब आहे का?

नाही हो, बहुतेक वेळा दोष भरण्यात असतो.

ब्रेडेड लाईन थेट धातूच्या स्पूलवर बांधली तर सगळी दोरी मिळून स्पूलवर घसरते. ड्रॅग फिरतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात दोरीच फिरत असते. खाली आधी थोडा तंगूस गुंडाळा, त्याला ब्रेडेड जोडा. दोरी भरताना दोन बोटांत ओला फडका धरून तिच्यातून ओढा, म्हणजे घट्ट बसेल. सैल भरलेल्या दोरीत वरची गुंडाळी खालच्यात रुतते आणि फेकताना चार-पाच गुंडाळ्या एकदम सुटून रिंगेत अडकतात. स्पूलच्या कडेपासून दीड-दोन मिलिमीटर जागा मोकळी सोडा. काठोकाठ भरलं तर गुंता, फार कमी भरलं तर फेक जवळ पडते.

दुसरी सवय म्हणजे ल्यूर पाण्यात पडला की बेल हातानं बंद करायची. हँडल फिरवून बंद केली की एक सैल वेढा स्पूलवर राहतो आणि पुढच्या फेकीला तोच बाहेर येतो. हातानं बंद केल्यावर दोरी बोटानं जरा ताणून घ्या, मग फिरवायला लागा. एवढ्यावर निम्मे गुंते थांबतात. वारा समोरून असेल तर फेक खालून ठेवा.

याच सामानावर केंदाळात बेडूक टाकून मरळ धरता येईल का?

नको. केंदाळात टाकायचा रबरी बेडूक दहा-पंधरा ग्रॅमचा असतो, त्याचे दोन मोठे गळ मरळीच्या हाडकुळ्या तोंडात रुतवायला जोरात ओढ द्यावी लागते आणि मग पाच-दहा किलो गवतासकट तिला वर घ्यायची असते. त्याला मीडियम हेवी किंवा हेवी रॉड, पंधरा-वीस किलो ताकदीची ब्रेडेड लाईन आणि घट्ट ड्रॅग लागतो. हलक्या सामानावर मासा तोंडात गळ घेऊन तुटतो आणि तसाच मरतो. हलका रॉड केंदाळाच्या कडेला, मोकळ्या पाण्यात वापरा.

पावसाळ्यात मरळीच्या तांबड्या पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला की खाली आई-बाप राखण करत असतात. त्यांच्या तोंडासमोर ल्यूर नेला तर ते हमखास झडप घालतात. हे कौशल्य नव्हे. त्यांना उचललं तर थवा दुसऱ्या माशांच्या पोटात जातो आणि पुढच्या वर्षी आपणच तळं रिकामं म्हणून बोंब मारतो.

पाच हजारांत जमेल का? रॉड-रीलचा रेडिमेड कॉम्बो घ्यावा का?

जमेल. निम्म्यापेक्षा थोडं कमी रॉडला, तेवढंच रीलला आणि उरलेलं दोरी, लीडर, पाच-सहा ल्यूर यांना ठेवा. लोक सगळे पैसे रीलवर उडवतात आणि दोरी सगळ्यात स्वस्त घेतात. माशाला आपल्याशी जोडून ठेवणारी वस्तू तीच असते. कॉम्बोमध्ये रॉड बरेचदा ठीक असतो, रील दुय्यम असते आणि आधीच भरून दिलेली दोरी फेकून देण्याच्या लायकीची असते. पुण्या-मुंबईहून किंवा ऑनलाईन मागवताना रॉड पुठ्ठ्याच्या नळीत येईल का ते आधी विचारा. नुसत्या बबल प्लास्टिकमधून आलेला शेंडा शाबूत राहणं नशिबावर असतं.

हँडल डाव्या बाजूला की उजव्या?

उजव्या हातानं फेकणाऱ्यानं डाव्या हातानं फिरवावं, म्हणजे हात बदलायला लागत नाही. बहुतेक स्पिनिंग रीलचं हँडल दोन्ही बाजूंना लावता येतं.

कुठंही जाऊन ल्यूर टाकला तर चालतं का?

चालत नाही. बऱ्याच तळ्यांचा आणि धरणांचा मासेमारीचा हक्क सहकारी संघाला किंवा ठेकेदाराला दिलेला असतो. आधी तालुक्याच्या मत्स्य खात्याच्या कचेरीत आणि जागेवरच्या माणसाला विचारा. गोडीनं विचारलं तर बहुतेक जण एका रॉडला नाही म्हणत नाहीत. राकसकोप हे बेळगाव शहराचं पिण्याचं पाणी आहे, तिकडं परवानगीशिवाय फिरकू नका. खानापूर तालुक्यातलं भीमगड आणि धूपदाळचं घटप्रभा पक्षी अभयारण्य ही दोन्ही संरक्षित क्षेत्रं आहेत, तिथं १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. महादयीच्या खोऱ्यातला महाशीर बघायला छान आहे, तेवढंच.

निपाणीकडं वेदगंगा-दूधगंगेवर फिरताना एका वळणाला कर्नाटक, पुढच्याला महाराष्ट्र. सीमाप्रश्न माशांना नसला तरी परवान्याला आहे. खातं दोन्हीकडं वेगळं.

आणि कृष्णेत मगरी आहेत. चिक्कोडी, रायबाग, अथणीच्या काठाला गुडघाभर पाण्यात उतरून ल्यूर सोडवायला जाऊ नका. शंभर-दोनशे रुपयांचा तुकडा गेला तर जाऊ दे.

मोटरसायकलवर किंवा बसमधून रॉड कसा न्यायचा?

हार्डवेअरच्या दुकानातून अडीच इंची पीव्हीसी पाईप रॉडच्या एका तुकड्यापेक्षा अर्धा फूट लांब कापून आणा, एका तोंडाला बूच चिकटवा, दुसऱ्याला सैल बूच ठेवा. आत जुन्या टॉवेलचा तुकडा. बसमध्ये वरच्या फळीवर बसत नाही, सीटच्या मागं उभी ठेवा आणि कंडक्टरला आधीच सांगा, नाही तर तो लगेज तिकीट फाडायचं म्हणतो.

कारवार-अंकोल्याकडं काळी नदीच्या मुखाला हेच सामान चालेल?

खाडीत तांबोसा आणि जिताडा लागतात आणि दोघेही पहिल्या झटक्याला खांबाकडं नाही तर खडकाकडं धावतात. तिथं ३००० किंवा ४००० ची रील, मीडियम रॉड आणि जाड लीडर पाहिजे. लहान माशांसाठी आपलं हलकं सामान चालेल, पण घरी आल्यावर ड्रॅगचं बटण घट्ट करून गोड्या पाण्याची सावकाश धार सोडा आणि लगेच पुसून काढा. जोराची धार नको, ती मीठ आत ढकलते. सुकल्यावर ड्रॅग परत सैल करा, म्हणजे आतल्या वॉशर दबून राहत नाहीत. लाईन रोलर आणि हँडलच्या सांध्याला तेलाचा एकेक थेंब, गिअरला ग्रीस. खोबरेल घालू नका, थंडीत गोठतं.